जिभेचं गाव

चिखलीच्या कोंडाजींच्या साऱ्या खोल्या लातूरकडच्या भाडेकरूंनी भरलेल्या होत्या. पण त्यांचं धोरण पक्कं होतं: लातूरकरांना खोली द्यायची, लेक द्यायची नाही.

म्हणून त्यांच्या तेजस्विनीनं चाकणच्या कंपनीतल्या आपल्या गणराजकडून कँटीनमध्ये वर्षभर घोकून घेतलं. लातूरचं 'करलालो' म्हणायचं नाही, 'करतुय' म्हणायचं. 'व्हय' आणि 'न्हाई' तर झोपेतही चुकायचं नाही. बाबांना एकदा पोरगा आवडला, की मग गाव सांगू, असा तिचा हिशेब.

आज गणराज कोंडाजींसमोर बसला होता.

"रातपाळी असती का रं?"

"व्हय, मामा. पन तरास न्हाई काय."

"आन् घरचं वावार?"

"हाय की. थोडकं हाय, पन हाय."

कोंडाजी खूश होऊन बायकोकडं वळले. "पोरगं आपल्यातलंच वाटतंय. तेजे, च्याला किती येळ?"

आतून घाईघाईनं उत्तर आलं, "आणलाले, बाबा!"

गणराजनं डोळे मिटून घेतले. कोंडाजी ताडकन उठले. चहाचा ट्रे घेऊन तेजस्विनी दारातच थबकली.

"लातूरचा हाय व्हय ह्यो? आन् तू गं, कवापासनं बोललालीस ह्याच्यासंगं?"

मग सुभद्राबाई नवऱ्याकडं बघत शांतपणे म्हणाल्या,

"अवो, 'बोललालीस' म्हनलात, मग आता तुमालाबी तिकडंच द्यावं लागतंय की."