जुना पेंटियम

कम्प्युटरचं झाकण निघालं तेव्हा स्वरूपाने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. निम्मं काम फत्ते झालं होतं. हितेश घरात आला होता.

मेकॅनिक म्हणून का होईना, पण आला होता. चार महिन्यांपूर्वी तिने नोएडाच्या ऑफिसातल्या या हितेश बत्राशी लग्न करायचंय म्हणून सांगितलं, तेव्हा बाबांनी, म्हणजे अविनाश टिपणिसांनी, पेपर खाली न ठेवताच निकाल दिला होता.

“फरीदाबादचा पंजाबी? मी बोलावल्याशिवाय तो या घरात पाऊल ठेवणार नाही.”

केंद्र सरकारात बत्तीस वर्षं काढलेला माणूस. एकदा फाइलीवर शेरा मारला की मारला. तिने टेबलावर ठेवलेला हितेशचा फोटोही तीन दिवसांनी पाकिटासकट परत मिळाला.

मग देवच पावला. सरकारी क्वार्टर सोडून सगळे नोएडाजवळच्या वैशालीतल्या या फ्लॅटमध्ये आले, तेव्हा सत्त्याण्णव साली घेतलेला पेंटियम रखडायला लागला. सत्तावन्नाव्या वर्षी बाबांना कम्प्युटरवरच्या मोटारींच्या शर्यतीचा नाद लागला होता, आणि गेल्या पंधरवड्यात त्यांची लाल गाडी ऐन वळणावर जागच्या जागी थिजायची. नवा घ्यावा की हाच सुधारून चालवावा, यावर घरात रोज खल. अखेर बाबाच म्हणाले, “तुझ्या ऑफिसात कुणी माहितगार असेल तर बघ ना. शनिवारी आण, मी घरी असतो.”

अशी संधी सोडायला स्वरूपा काही खुळी नव्हती. हितेश वर्षभर तिच्याकडून मराठी शिकत होता. तिने त्याला बजावलं, “नाव राजकुमार सांगायचं. आणि मराठीतलं एक अक्षर कळतंय असं दाखवायचं नाही. भाजीवाला असो, रिक्षावाला असो, नाहीतर शेजारचे गुप्ताजी, आईबाबा त्यांच्या तोंडावर बिनधास्त मराठीत बोलतात. तुझ्याबद्दलचं खरं मत तिथल्या तिथे कळेल. आवडलास की मग सांगून टाकू.”

खिशातली चष्म्याची डबी चाचपत आणि नाकावरचा चष्मा सावरत बाबा समोरच्या खुर्चीत बसले.

“नाम क्या है, बेटा?”

“राजकुमार, अंकल.”

“वाटत नाही गं चेहऱ्यावरून,” बाबा आईला मराठीत म्हणाले. आईने कांदेपोह्यांची बशी त्याच्यापुढे ठेवली आणि पदर तोंडाला लावला. हितेशचा चेहरा कोरा करकरीत. शाब्बास, स्वरूपा मनात म्हणाली.

समोरच्या नव्या मॉलचं बांधकाम धडाधड चालू होतं, त्यामुळे सगळे जरा चढ्या आवाजात बोलत होते.

“अंकल, नया मत लीजिए,” हितेश आत टॉर्च मारत म्हणाला. “मशीन बढिया है. बस मेमरी कम है. एक स्लॉट खाली पडा है. अजीब बात है, बाकी सब जगह धूल, और यही एकदम साफ.”

“अच्छा?” बाबा म्हणाले, आणि मग मराठीत, “माणूस सरळ दिसतोय गं. दुसरा असता तर नवा कोरा गळ्यात मारून गेला असता.”

स्वरूपाला नाचावंसं वाटलं. तिने उगाच उशीचा अभ्रा नीट केला.

“अगं, स्क्रू पडला बघ त्याचा,” बाबा आईला म्हणाले. “सोफ्याखाली गेला.”

हितेश चटकन वाकला आणि सोफ्याखाली हात घातला.

स्वरूपाने झटकन बाबांकडे पाहिलं. पण बाबांचं लक्ष नव्हतं. ते पोह्यांवर लिंबू पिळत होते, एकेक थेंब मोजून पिळल्यासारखे.

लिंबाची फोड बशीत टाकून ते म्हणाले, “स्वरूपा, त्या फरीदाबादच्या मुलाचं खूळ उतरलं का डोक्यातून?”

“बाबा, प्लीज. आत्ता? बाहेरच्या माणसासमोर?”

“याला कुठे कळतंय? बोल तू.”

हितेशचा हात स्क्रूड्रायव्हरवर थांबला. खरं तर तिला घाबरायला हवं होतं. पण तो तिथे दोन हातांवर बसला होता, आणि तिला एकाएकी कशाचीच भीती वाटेना.

“खूळ नाही ते, बाबा. तुमचा शब्द मोडून मी पळून जाणार नाही. पण लग्न केलं तर त्याच्याशीच. नाहीतर नाही.”

“आणि त्याचंच मन बदललं तर?”

“बिल्कुल नाही बदलणार. मला माहितेय ना.”

आई पाणी आणायला म्हणून आत गेली, भरलेला तांब्या समोरच असताना. हितेशची मान कम्प्युटरच्या पेटीत आणखी खाली गेली. कान मात्र लालबुंद झालेले दिसत होते.

थोड्या वेळाने त्याने घसा साफ केला. “अंकल, मेमरी मार्केट से लानी पडेगी. सोमवार को फिर आ जाऊं?”

पुन्हा एक खेप! स्वरूपाने ओठ घट्ट मिटून हसू दाबलं. दोन-तीन खेपांत हा बाबांना खिशात घालणार, यात तिला आता शंकाच उरली नव्हती.

“सोमवार कशाला?” बाबा म्हणाले. मराठीत. आणि या वेळी आईकडे बघून नव्हे, थेट त्याच्याकडे बघून.

त्यांनी खिशातून चष्म्याची डबी काढली आणि उघडली. आत चष्मा पुसायच्या पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली, बोटभर लांबीची मेमरीची हिरवी पट्टी होती.

“घ्या हितेशराव. होती तिथे परत लावा.”