तिसरा लाल दिवा

मांजराच्या केसांनी शिंकून शिंकून व्हर्ना बेजार झाली होती. तिनं हवा शुद्ध करणारी तीन यंत्रं एकदमच आणली; बरं वाटेल ते ठेवायचं, बाकीची दुकानाला परत. मांजर भावाकडे धाडून घरही झाडून काढलं. तरी भर दुपारी स्वयंपाकघरातल्या यंत्राचा हिरवा दिवा लाल झाला. हवेत केस आले की व्हायचा तसा.

तिनं भावाला फोन लावला. "ड्वेन, मांजर तिथंच आहे ना रे?"

"माझ्या मांडीवर घोरतंय. का गं?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातला दिवा हिरवा झाला आणि पॅसेजमधला लाल. मग तोही हिरवा झाला.

व्हर्नाच्या पायाशी ठेवलेलं तिसरं यंत्र घरघरू लागलं.

तिच्या मानेमागे कुणीतरी शिंकलं.

ड्वेन फोनवर हसला. "मांजर नाही, तरी शिंकतेसच की!"