गाळलेली ओळ

"त्यांच्या मनात कुणाविषयीही अढी नव्हती," पाळक म्हणाले, आणि पहिल्या बाकावर बसलेल्या मेजरीणबाईंनी मान खाली घातली. सकाळपासून त्यांना काही म्हणजे काही जाणवत नव्हतं. नवऱ्याची शवपेटी समोर होती, फुलं होती, लोक येऊन हात हातात घेत होते आणि बाई सगळ्यांना नुसतं "हो, हो" म्हणत होत्या. हे एक वाक्य मात्र घासात खडा यावा तसं लागलं. देवाच्या घरात, देवासमोर, साफ खोटं.

पाळकांचा तरी काय दोष? त्यांना जे दिसलं होतं तेच ते सांगत होते. मेजर खरं तर साधे शिपाई. लढाईवरून परत आले, बस डेपोत टायर बदलायच्या कामाला लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. 'मेजर' ही पदवी डेपोतल्या टवाळांनी दिलेली, आणि नवऱ्याला बढती मिळाल्यावर बाईही आपोआप मेजरीण झाल्या. शनिवारी संध्याकाळी मेजर घरातल्या सगळ्यांचे बूट ओळीत मांडून पॉलिश करायचे. बाईंच्या चपलासुद्धा सोडायचे नाहीत. रविवारी सगळं बिऱ्हाड घेऊन चर्चला. ताप असो, पाहुणे असोत, रविवार कधी चुकला नाही. आज पहिल्या बाकाखाली सगळ्यांचे बूट धुळीने माखलेले होते. कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

पण प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की मेजर तोंड मिटून घ्यायचे. आमच्याशी जे वाईट वागले त्यांना आम्ही क्षमा केली आहे, तशी तू आम्हाला कर, एवढीच ती ओळ. मंडळी ती म्हणून पुढे गेली की मेजरांचा आवाज पुन्हा सुरू व्हायचा. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी, घरी परतताना, बाईंनी विचारलं होतं. मेजरांनी चालता चालता सांगून टाकलं. त्यांच्या तुकडीतले दोघे हात वर करून बाहेर आले होते. तरी समोरच्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. मेजर आडोशाला पडून बघत होते.

"मग ती ओळ मी कशी म्हणू?" एवढं बोलून त्यांनी विषय मिटवला, तो कायमचा.

बाईंनी यावर आपला उपाय काढला. ती ओळ आली की त्या आवाज चढवायच्या. दोघांचं एकटीनेच म्हणायचं, म्हणजे शेजारचं गप्प राहणं चारचौघांत उघडं पडायला नको. त्यांना स्वतःला त्या ओळीची कधी अडचण आली नाही. सासूबाईंच्या कपाटावरून धाकट्या जावेशी धरलेला अबोला अजून सुटला नव्हता. जाऊ दर रविवारी दोन बाकं मागे बसायची, आणि बाई खणखणीत आवाजात साऱ्या जगाला क्षमा करून मोकळ्या व्हायच्या.

आता त्यांना एकच धास्ती होती. माणूस ती ओळ न म्हणताच गेला. ज्याने कुणाला माफ केलं नाही, त्याला वर कोण माफ करणार? काल त्यांना पेटीत ठेवलं तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं, उद्या ती ओळ दोनदा म्हणायची. एकदा आपली, एकदा त्यांची. नवऱ्यासाठी करण्यासारखं आता एवढंच उरलं होतं.

"आपण सगळे मिळून प्रार्थना करू या," पाळक म्हणाले.

सगळे उठले. बाईंना लागून नात उभी राहिली. सात वर्षांची ही पोर एरवी आजोबांच्या कोटाला धरून उभी असायची. तिच्यापलीकडे थोरला मुलगा, धाकटा आणि लेक. प्रार्थना सुरू झाली. बाईंचे ओठ सवयीने हलत होते, मन कुठेच नव्हतं. ती ओळ आली तशी त्यांनी श्वास भरून घेतला, पण आवाज चढलाच नाही, पुटपुटल्यासारखा निघाला. आणि त्यामुळे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना आपला बाक ऐकू आला.

मागून सगळी मंडळी म्हणत होती. बाकावर कुणीच म्हणत नव्हतं. थोरला तोंड मिटून समोर बघत होता. धाकटाही तसाच. लेकीचे ओठ घट्ट मिटलेले. एकाचं ओझं उचलायला त्या आल्या होत्या, आणि इथे अख्खं घर गप्प होतं. पोरांना हेच शिकवलं या माणसाने? जाता जाता आपली अढी घरभर वाटून गेला? सकाळपासून रडू आलं नव्हतं, आता राग आला, पेटीतल्या माणसाचा चांगला सणसणीत राग. ओळ पुढे निघून गेली होती. तरी दुसऱ्यांदा म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

नातीने त्यांची बाही ओढली.

"आजी, असं नुसतं म्हणायचं नसतं गं," ती कानाशी कुजबुजली. "आजोबांनी सांगितलंय. इथे थांबून आधी मनात बघायचं. खरंच माफ केलं असेल तरच म्हणायचं. मी दर वेळी त्यांना विचारायचे, झालं का? ते म्हणायचे, आज पण नाही जमलं बेटा, बघू पुढच्या रविवारी."