ईशान्य कोपरा

"ते यंत्र पाण्यात सोडू नकोस, पोरी. माझा शब्द पुरेसा नाही का?"

कप्तानकाका ड्रेजरच्या कठड्याला टेकून उभे होते. बंदराच्या तळाचा गाळ उपसता उपसता त्यांची बत्तीस वर्षं या बोटीवर गेली होती. येत्या शनिवारी ते निवृत्त होणार होते.

"मला पुरतो हो, काका. साहेबांना पुरत नाही ना!" केबलचा गुंता सोडवत ती म्हणाली.

बोटीवर तिला सगळे मापवाली म्हणत. पाण्याची खोली मोजायची, गाळ कुठे किती साठलाय ते सांगायचं, हे तिचं काम. हाताशी तळाचं चित्र काढणारं यंत्र. नाव सोनार, पण मेल्यानं आजवर साधं डोरलं घडवलं नाही, अशी खलाशांची नेहमीची थट्टा.

भांडण होतं ते ईशान्य कोपऱ्यावरून. बावीस वर्षांपूर्वी काकांनी तिथला उपसा बंद केला. तिथं कालवांची, म्हणजे शिंपल्यांची, वस्ती आहे, ती पाणी गाळून स्वच्छ ठेवतात, त्यांना धक्का लावायचा नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. तेव्हा लोक हसले. पण दिवस पालटले. उपसताना गाळ पसरू नये म्हणून पाण्यात पडदे सोडायचे, निघालेल्या गाळाच्या विटा पाडायच्या, ड्रेजर बॅटरीवर चालवायचा, हे सगळं नियमात आलं. मग हसणारेच म्हणू लागले, काका काळाच्या पुढे होते बुवा!

आता नवे साहेब आले होते आणि मोठ्या जहाजांना वळायला जागा हवी होती. "कालवं दाखवा, नाहीतर सोमवारपासून कोपरा उपसा," असा त्यांचा हुकूम. 'म्हाताऱ्याचं थोतांड' असंही ते भर मीटिंगमध्ये बोलून गेले. ते मापवालीच्या जिव्हारी लागलं. काकांना जाता जाता खोटं पाडू द्यायचं नाही, असा तिनं चंगच बांधला.

कारण या माणसाचे तिच्यावर उपकार होते. तिचे वडील होडीतून जहाजांवर भाजीपाला पोचवायचे. होडी जहाजांवर आपटू नये म्हणून दोन्ही बाजूंना सहा-सहा जुने टायर बांधलेले. तिच्या सहाव्या वाढदिवसाला त्यांनी त्यातला एक सोडला आणि दोरी लावून अंगणातल्या झाडाला टांगला. "होडी एका अंगानं उघडी पडली की!" आई करवादली. "अकरा उरलेत अजून," वडील हसले आणि पोरीला उंच झोका दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे दाट धुकं होतं. त्या धुक्यात ते होडी घेऊन गेले ते गेलेच. परक्या बंदरात दुसरा संसार थाटलाय म्हणे, अशी कुजबुज सुरू झाली. कुणी पाहिलं नव्हतं, पण सांगत सगळे होते. आईनं घरात त्यांचं नाव टाकलं. झोका मात्र तोडू दिला नाही. मापवाली मोठी झाली ती बापाचा राग पोटात घेऊनच. तिच्या लग्नाच्या वेळीही तिनं दाराकडे एकदासुद्धा पाहिलं नाही, निदान ती तसं सांगायची.

त्या वाईट आठवड्यात धान्याची पिशवी घेऊन दारात आले ते कप्तानकाका. ओळख ना पाळख. पुढे तिची फी त्यांनीच भरली, बंदरातल्या नोकरीसाठी शब्दही त्यांनीच टाकला. मूलबाळ नाही म्हणून जीव लावतो बिचारा, असं लोक म्हणत.

यंत्रानं कोपऱ्यावरून चार फेऱ्या मारल्या. मग तिनं नमुना घेणारा पंजा खाली सोडला. तो वर आला तेव्हा त्यातून चिखल गळत होता आणि चिखलात एकमेकांना घट्ट चिकटलेल्या कालवांचा हा एवढा गड्डा होता.

"काका! आहेत!"

"आहेत?" काका धडपडत पुढे आले. "खरंच आहेत?"

"अहो, बावीस वर्षं तुम्हीच सांगताय ना!" ती खळखळून हसली.

काकांनी तो गड्डा हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला. मग ते तिथंच दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसले आणि ढसाढसा रडले. तिलाही भरून आलं. कधी नव्हे ती तिनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"आता कुणाची बिशाद आहे! कोपरा कायमचा राखीव होणार. कुणी हात लावणार नाही, कधीच."

"कधीच?" काकांनी विचारलं.

"कधीच."

त्यांनी डोळे मिटून घेतले.

दुपारी केबिनमध्ये ती कोपरा राखीव करण्याचा अर्ज भरायला बसली. उपसा केव्हापासून बंद? तिनं कपाटातून जुनी नोंदवही काढली. काकांचं रेखीव अक्षर: 'ईशान्य कोपरा बंद. कालवं.' तारीख वाचून तिचा हात क्षणभर थांबला. तिच्या सहाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवसाची होती. तो दिवस ती कशी विसरेल! पण आपलं घर मोडलं म्हणून त्या दिवशी बाकी जगाची कामं थोडीच थांबली असतील, असं म्हणून तिनं तारीख उतरवली.

पुढचा रकाना होता: कालवं कशावर वाढली आहेत?

इथं ती अडली. कालवांना नुसत्या गाळात मूळ धरता येत नाही. चिकटायला काहीतरी टणक लागतं, आणि या बंदराच्या तळाशी खडक नावाला नव्हता.

"काका, खाली आहे तरी काय हो?" तिनं हाक मारली.

काका दारातच उभे होते, टोपी हातात घेऊन.

यंत्रानं काढलेलं चित्र तिनं पडद्यावर मोठं केलं. ते ओळीओळीनं उमटत गेलं. कालवांचा लांबट उंचवटा, एका टोकाला निमुळता. त्याच्या दोन्ही कडांना गोल गोल कडी.

तिनं पडद्यावर बोट टेकवून ती मोजली. एका बाजूला सहा. दुसऱ्या बाजूला पाच.