तीन सेकंद मागचा टीव्ही

शरयूताईंच्या डोक्यात बसवलेला नवा कान स्वच्छ ऐकवायचा, पण तीन सेकंद उशिरा. फलंदाज मान खाली घालून वळला, की मग यष्ट्या उडाल्याचा आवाज येई. त्यांनी मॅच बघणंच सोडलं.

म्हणून मुकुंदरावांनी टीव्हीत बदल करून घेतला. बायकोच्या कानाला आवाज लगेच, पडद्यावरचं चित्र आणि खोलीतला आवाज तीन सेकंद रोखून.

“तुमचा टीव्ही मागे पडलाय, दुरुस्त करा की!” शेजारचे डिग्रजकर खिजवायचे.

“केलाय,” मुकुंदराव म्हणायचे. सगळ्यांआधी निकाल सांगायची हौस असलेल्या माणसाला हे बोलणं चांगलंच जड जाई.

अंतिम सामन्याचा शेवटचा चेंडू. भिंतीपलीकडे डिग्रजकर जल्लोष करू लागले, तेव्हा इथल्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतच होता. मुकुंदरावांनी मुद्दाम काळजीचा चेहरा केला. मग षटकार गेला आणि नवरा-बायको एकदम ओरडले.

“अहो, कान उशिरा चालतो, डोळे नाही,” शरयूताई म्हणाल्या. “चेंडू सुटायच्या आधीच मिशीत हसत होतात. माझ्यासाठी गप्प बसता होय?”

मुकुंदराव ओशाळले. शरयूताईंनी त्यांचा हात घट्ट धरला.

“सांगून टाकत जा हो खुशाल. तुमचं बोलणं माझ्यापर्यंत पोचेतो षटकार गेलेलाच असतो.”