सिंहाचं झाकण

अंबिकानं पाठीमागून पुन्हा हाक मारली, "शिवांश, ए शिवांश." पलंगावर बसलेलं पोर हातातल्या चमच्यातच रमलेलं. मान काही वळली नाही. वर्षाचं झालं तरी हाकेला कधी वळून बघितलं नव्हतं त्यानं. उद्या लातूरला कानाच्या डॉक्टरकडं न्यायचं होतं. ते ठरल्यापासून अंबिका त्याला सारखी अशीच मागून हाका मारून बघत होती.

"उगं जीव टांगणीला लावून घ्यायलीस," सासू कावेरीबाई म्हणाल्या. "आपल्याच नादात असतंय लेकरू. धूप घालते, दृष्ट असंल तर जाईल."

पितळी धुपाटण्याची मूठ निखळली होती. म्हणून त्यांनी पलंगामागच्या कोनाड्यातलं हनुमंताचं चिनी मातीचं धूपपात्र काढलं. हनुमंत अंबिकाचा दीर. कंपनीनं ट्रेनिंगला कोरियाला धाडलं, तिथून त्यानं ते कपड्यांत गुंडाळून आणलेलं. रंग हरभऱ्याच्या कोवळ्या घाट्यासारखा हिरवट. पोटाभोवती कमळाच्या पाकळ्या कोरलेल्या. झाकणावर सिंह बसलेला, पंजाखाली चेंडू, गळ्यात घुंगरू, डोळ्यांचे काळे ठिपके. आतला धूर त्याच्या उघड्या जबड्यातून यायचा. हनुमंत त्यात उदबत्तीचा इवलासा तुकडा लावायचा. पुसायलासुद्धा कुणाला द्यायचा नाही.

"आत्या, भाऊजी ओरडतील."

"देवाच्या कामाला कोण ओरडतंय गं?"

कावेरीबाईंनी ते पलंगामागंच फरशीवर मांडून गोवरीचा रसरशीत निखारा थेट आत ठेवला. ऊद टाकला. झाकण बसवलं. "बघ, कसा जांभई द्यायलाय."

काडकन आवाज झाला. पात्र उभं चिरलं, निखारा फरशीवर सांडला. हनुमंत आतून धावत आला. त्यानं सिंहाचं झाकण फडक्यात उचललं.

"माय, शेगडी केलीस व्हय याची?"

"मला काय ठावं, इतकं नाजूक असंल म्हणून." कावेरीबाईंचा आवाज चिरकला.

अंबिका दोघांकडं बघतच नव्हती. पोराच्या हातातला चमचा गळून पडला होता. मान मागं वळली होती.

आवाजानं वळलं, का धुराच्या वासानं? का असंच, सहज? हे कुणाला विचारायचीही तिला धास्ती वाटली. आवाजानंच वळलं असं म्हणायची तर त्याहून जास्त. बघता बघता पोरानं चमचा उचलला आणि पुन्हा पाठ केली.

"झाकण तरी वाचलं," हनुमंत म्हणाला.

"भाऊजी, ते इकडं द्या."

"सांभाळून हं वहिनी."

झाकण अजून कोमट होतं. ते घेऊन ती पलंगामागं आली. शिवांशला दिसणार नाही, अशी उभी राहिली. कावेरीबाईंनी निखारा उचलून नेला. अंबिकानं धूर विरू दिला. पोर खेळात पुरतं गुंतू दिलं. झाकण दोन्ही हातांनी डोक्याइतकं उंच धरलं. डोळे मिटून घ्यावेत वाटत होतं, पण मिटून चालणार नव्हतं.

तिनं सिंह फरशीवर सोडून दिला.

शिवांश दचकला, त्यानं वळून आईकडं बघितलं, आणि भोकाड पसरलं.