मढ्याचं काम
"इझबेल, आता तुम्ही मेलात. पापणीसुद्धा हलवायची नाही," दिग्दर्शिका कॅट्रिओना गोड आवाजात म्हणाली, आणि इझबेल गेडीस शवागारातल्या टेबलावर मुकाट्याने मेली.

शवागार कसलं, बंदरावरचा बंद पडलेला मासळीबाजार तो. टीव्हीवरच्या पोलिसी मालिकेच्या नव्या भागाचं शूटिंग तिथे चाललं होतं. मढ्याचं काम मागायला गावातल्या निम्म्या बायका धावल्या, मिळालं ते इझबेलला. तिची जाऊ मुलखाची फटकळ. म्हणाली, "तुला कुठे सोंग आणावं लागणार आहे? वर्षभर तशीच तर फिरतेयस."

खोटं नव्हतं ते. गेल्या हिवाळ्यात इझबेलचा नवरा मर्डो मासेमारीच्या बोटीवरून समुद्रात पडला. पुढे एक देह किनाऱ्याला लागला. ओळख पटवायला पोलिसांनी तिला बोलावलं, तर ती दारापर्यंत गेली आणि माघारी फिरली. शेवटी दीर आत गेला आणि मर्डोच आहे म्हणून सांगून आला. दफन झालं. पण दिराला चष्म्याशिवाय स्वतःची मेंढी ओळखू येत नाही, एवढं एकच तिने घट्ट धरून ठेवलं. आपण पाहिला नाही, म्हणजे तो गेला नाही. रोज संध्याकाळी ती दोन कप चहा ओतायची, आणि एक गार व्हायचा.

आजचा प्रसंग तसा साधा होता. पोलीसबाईने चादर उचलायची, ओळखता का म्हणून विचारायचं, आणि मेलेलीच्या नवऱ्याचं काम करणाऱ्या म्हाताऱ्या नटाने 'हो' म्हणायचं. पण कधी दिवा चुके, कधी बाहेर सीगल कोकलत, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. कुणा भल्या माणसाने इझबेलच्या पाठीखाली गरम पाण्याची पिशवी सरकवली. मिटल्या डोळ्यांवर गुंगी चढत गेली. टेबल हळूहळू डुलायला लागलं. खारा वास आला. मग ती टेबलावर नव्हतीच. कडेला उभी होती, कोटाची बटणं लावून, आणि चादरीखाली दुसरंच कुणीतरी निजलं होतं.

चादर सरकली.

"नीट बघा. घाई नाही," पोलीसबाईचा आवाज लांबून आला. "ओळखता का?"

नट थांबला. मोठा नट तो, त्याचं थांबणंही ऐसपैस. सगळे श्वास रोखून त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. इझबेलला मात्र ते सोसेना. माणूस असा उघड्यावर, गारठलेला, आणि त्याला आपलं म्हणायला कुणी पुढे येईना.

मढ्याचे निळे रंगवलेले ओठ हलले.

"हो," इझबेल म्हणाली. "माझा मर्डोच आहे. झाका आता त्याला."